मिस्सेसाठी पैसे का द्यायचे? हेतू आणि दान यांचा अर्थ

आजचा विषय वेदीवरचा आहे, पण त्याची सुरुवात धर्मग्रामाच्या कार्यालयातल्या टेबलापाशी होते. घरातलं माणूस गेल्याला वर्ष होतं. मुलगा फादरांकडे येतो आणि म्हणतो, "आईच्या नावानं मिस्सा ठेवायची आहे. किती द्यायचे?" ही दोन वाक्यं आहेत. पहिल्यात विनंती आहे, दुसऱ्यात पैशाचा प्रश्न आहे. ती एका दमात बोलली जातात आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं की मिस्सा विकत मिळते. आज आपण ही दोन वाक्यं वेगळी करून पाहू.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. इथं कॅथलिक कुटुंबं मोजकी आहेत. आपला औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली अमरावतीपासून वेगळा झाला. जालना जिल्हा त्यानंतर १९८१ मध्ये झाला. पण जालन्याचा ख्रिस्ती इतिहास त्याहून जुना आहे आणि तो मुख्यतः प्रोटेस्टंट आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, ते आपल्याला माहीत आहेच. त्यामुळे सासर कॅथलिक आणि माहेर प्रोटेस्टंट मंडळीचं, असं घर असलं की प्रश्न येतोच, "मेलेल्यांसाठी पैसे देऊन प्रार्थना? हे कुठं लिहिलंय?" शेजारच्या हिंदू घराला वाटतं, ही यांची दक्षिणा असेल. दोघांनाही उत्तर द्यायचं, तर आधी आपल्याला ते नीट कळलं पाहिजे.

आधी हेतू. प्रत्येक मिस्सा सगळ्यांसाठीच असते, जिवंतांसाठी आणि मृतांसाठी. ती कुणा एकाच्या मालकीची होत नाही. तरीही त्या सर्वांमध्ये एखाद्या व्यक्तीला किंवा गरजेला फादर खास देवापुढे ठेवतात. त्याला आपण हेतू म्हणतो. तो मृतासाठीच असावा असं नाही. आजारपण, परीक्षा, बाळंतपण, पाऊस, उपकारस्तुती, काहीही असू शकतं. ही चाल फार जुनी आहे. संत मोनिका ३८७ साली मरणपंथाला लागली, तेव्हा तिनं मुलाला, म्हणजे संत ऑगस्टिनला, सांगितलं की देह कुठंही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. मक्काबीच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात तर यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्यांच्या पापक्षमेसाठी वर्गणी गोळा करून यरुशलेमला पाठवतो. प्रोटेस्टंट बायबलमध्ये हा ग्रंथ नाही. वाद तिथूनच सुरू होतो, हे लक्षात ठेवलं की सासर-माहेरचं बोलणं निदान शांतपणे होतं.

आता दान. सुरुवातीच्या काळात लोक मिस्सेला येताना भाकर आणि द्राक्षारस घेऊन येत. त्यातलं थोडं वेदीवर जाई, बाकीचं धर्मगुरूंच्या पोटाला आणि गरिबांना. पुढं वस्तूंच्या जागी पैसे आले. म्हणजे दान देणारा माणूस स्वतःचं काहीतरी त्या अर्पणात मिसळतो आणि वेदीची सेवा करणाऱ्याचा चरितार्थही चालवतो. १९८३ च्या धर्मसंहितेतला ९४६ वा नियम हेच सांगतो.

पण पैसा आला की धोका आलाच, आणि चर्चला तो माहीत आहे. १५६२ साली ट्रेंटच्या परिषदेनं मिस्सेच्या बाबतीत सौदे आणि हावरटपणा बंद करा, असा बिशपांना हुकूम दिला होता. आजचा ९४७ वा नियम त्याहून कडक आहे. मिस्सेच्या दानात व्यापार तर नकोच, व्यापाराचा नुसता भासही नको.

म्हणून पुढचे नियम बघा. ते बहुतेक सगळे फादरांना बांधतात, देणाऱ्याला नाही. दानाची रक्कम प्रत्येक फादर आपल्या मनानं ठरवत नाहीत. ती धर्मप्रांतांच्या समूहाचे बिशप मिळून ठरवतात. आपला धर्मप्रांत नागपूरच्या समूहात येतो. ठरलेल्यापेक्षा जास्त मागता येत नाही. कुणी आपणहून जास्त दिलं तर घेता येतं, कमी दिलं तरी घेता येतं. दोघांनी वेगवेगळ्या हेतूंसाठी थोडंथोडं दान दिलं, तर दोन वेगळ्या मिस्सा व्हायला हव्यात. रविवारी फादरांनी तीन गावांत तीन मिस्सा केल्या, तरी एकाच मिस्सेचं दान स्वतःकडे ठेवता येतं. याला अपवाद फक्त नाताळचा. बाकीचं दान बिशपांनी ठरवून दिलेल्या कामाला जातं. वर्षभरात पार पडणार नाहीत इतके हेतू घ्यायचे नाहीत. आणि दिलेले पैसे फादरांची चूक नसताना चोरीला गेले, तरी मिस्सा करावीच लागते. या सगळ्याची नोंद एका वहीत होते, आणि ती वही दरवर्षी तपासायची असते.

दुकानदाराला असे नियम कुणी घालत नाही. असे नियम असतात ते विश्वासानं ठेवायला दिलेल्या ठेवीला.

एकाच मिस्सेत दहा-बारा नावं वाचली जातात, त्याचं काय? १९९१ मध्ये रोमनं अशा समूह हेतूंना आठवड्यातून दोनदा, तेही देणाऱ्यांच्या संमतीनं, मुभा दिली. एप्रिल २०२५ च्या नव्या आदेशात ही बाब प्रत्येक समूहाच्या बिशपांवर सोपवली आहे. अट मात्र तीच: दान एकत्र केलं जाणार आहे हे देणाऱ्याला आधी सांगितलं पाहिजे आणि त्यानं खुशीनं हो म्हटलं पाहिजे. नुसतं नाव वाचणं वेगळं आणि त्या हेतूनं मिस्सा करणं वेगळं, हे लोकांना समजावून सांगा, असंही तो आदेश म्हणतो.

आता खरा प्रश्न. ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही, त्यानं काय करायचं? आपल्या मंठा, घनसावंगी, अंबड भागातून दिवाळीच्या सुमारास कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला निघतात. २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस नेमका त्याच दिवसांत येतो. उचल आधीच संपलेली, हातात पैसा नाही, आणि आईच्या पुण्यतिथीला आपण कुठल्यातरी कारखान्याच्या फडात असणार. अशा माणसाला वाटतं, आपली आई मागं राहिली.

ती मागं राहत नाही. ९४५ वा नियम सांगतो की फादरांनी दान न घेताही, आणि विशेषतः गरजूंसाठी, त्यांच्या हेतूंनी मिस्सा करावी. मिस्सेला आपण हजर असलंच पाहिजे असंही नाही. शिवाय दर रविवारी आणि सक्तीच्या सणांना धर्मग्रामाच्या प्रमुख फादरांना एक मिस्सा सगळ्या लोकांसाठी, कुणाचंही दान न घेता, अर्पण करावीच लागते. फडात असलेलं ते कुटुंब त्या मिस्सेत आधीपासूनच आहे.

मग पन्नास मिस्सा ठेवणारा श्रीमंत लवकर स्वर्गात पोचतो का? चर्च असा हिशेब शिकवत नाही. प्रभूनं मंदिरात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेला सगळ्यांत मोठी दाती म्हटलं, त्यावरून देवाघरचं माप कसं असतं ते कळतं.

तेव्हा कार्यालयात जाताना एवढं करा. हेतू स्पष्ट सांगा, नाव वहीत लिहून घ्या, मिस्सा कोणत्या दिवशी आहे आणि समूहात आहे की स्वतंत्र, हे विचारा. विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे, तो तुमचा हक्क आहे. जमेल तेवढं द्या. जमत नसेल तर तसं सांगा, लाजू नका. आणि धर्मग्रामाच्या कामात असलेल्या आपण सगळ्यांनी एक सवय लावून घेऊ या: कुणी "किती द्यायचे?" असं विचारलं, की आकडा सांगण्याआधी त्याला विचारायचं, "नाव काय आईचं?"