‘पळणें’ आणि ‘परागंदा’

जुन्या कागदपत्रांत माणसें एकाएकीं गांव सोडून गेल्याचे उल्लेख येतात, तेथें ‘पळणें’ व ‘परागंदा होणें’ हे दोन प्रयोग वाचकांच्या परिचयाचे आहेत. दोहोंचा अर्थ एकच धरण्याची संवय आहे. शिवाय दुसऱ्यांत ‘परा’ उघड दिसत असल्यामुळें तो संस्कृतोद्भव मानण्याचा मोहही होतो. वस्तुस्थिति याच्या उलट आहे.

‘पळणें’ हें संस्कृत ‘पलायते’ याचें प्राकृतद्वारां आलेलें रूप होय. ‘अय्’ म्हणजे जाणें, त्यास ‘परा’ म्हणजे दूर हा उपसर्ग लागला, आणि ‘अय्’ पुढें असतां उपसर्गांतील रेफाचा लकार होतो या पाणिनीच्या नियमानें (8.2.19) ‘पलायते’ सिद्ध झालें. पुढें दोन स्वरांमधील एकेरी लकाराचा मराठींत साधारणतः ळकार होतो : फल–फळ, काल–काळ. जोड लकाराचा मात्र ‘ल’ राहतो. म्हणूनच ‘कल्य’, प्राकृत ‘कल्ल’, यापासून आपला ‘काल’. याप्रमाणें ‘परा’ दोनदां वेष पालटून ‘पळणें’ यांत लपला आहे. ‘पळ काढणें’ यांतील ‘पळ’ याच क्रियापदाचें नाम. घटिकेच्या साठाव्या भागास म्हणतात त्या ‘पळा’शीं त्याचा संबंध नाहीं.

मूळ धातूंत धांवणें नाहीं, केवळ दूर जाणें आहे. भयानें निघून जाणें हा अर्थ संस्कृतांतच रूढ झाला. शर्यतींतील ‘पळणें’ ही मागाहूनची छटा. तसेंच ‘पळविणें’ म्हणजे प्रथम पळावयास लावणें. ‘शत्रु पळविला’ येथें अपहरण समजूं नये.

‘परागंदा’ यांत मात्र संस्कृत ‘परा’ही नाहीं व ‘गम्’ही नाहीं. फारशी ‘पराकंदन्’ म्हणजे विखुरणें. त्याचें भूतकालवाचक धातुसाधित ‘पराकंदह्’ अथवा ‘परागंदह्’, तेंच मराठींत आलें. पुढें त्यास ‘फरारी’ हाही अर्थ चिकटला. परंतु मूळ अर्थ ‘विखुरलेला’ असाच आहे.

हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. पळणारा स्वतः कर्ता असतो. परागंदा झालेल्यास दुसऱ्या कशानें तरी विखुरलेलें असतें. 1630–32 च्या दुष्काळांत दख्खनची वस्ती विखुरली, तिला ‘पळाली’ म्हणणें म्हणजे आपद्ग्रस्तांवर भ्याडपणाचा आरोप ठेवणें होय. यास्तव संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, कागदाचा सारांश देतांना ‘रयत परागंदा झाली’ याच्या जागीं ‘रयत पळाली’ असें लिहूं नये. मूळ शब्द तसाच ठेवावा, व मागचापुढचा मजकूर पाहूनच त्याचा अर्थ ठरवावा.