दोन हजार आठशेवा डॉलर

अमेरिकेत २०२५ साली एखाद्या घराने मूल सांभाळणाऱ्या बाईंना वर्षभरात मिळून २,७९९ डॉलर पगार दिला असेल, तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरपोटी सरकारला एक सेंटही द्यावा लागत नाही. त्यात आणखी एकच डॉलर घाला. आता कर लागतो, आणि तोही फक्त त्या वरच्या डॉलरवर नाही, तर पहिल्या डॉलरपासून सगळ्या २,८०० डॉलरवर. घराचा आणि बाईंचा वाटा मिळून ४२८ डॉलर ४० सेंट.

मला या एका डॉलरचं अप्रूप वाटतं ते रकमेपायी नाही. तो डॉलर हातावर ठेवला की पाळणा असलेलं ते घर या कराच्या नजरेत मालक होतं आणि बाईंचं नाव देशाच्या पेन्शनच्या वहीत चढतं. ही ओलांडायची रेषा दरवर्षी थोडी वर सरकते (२०२४ मध्ये ती २,७०० होती), पण तिचा स्वभाव तोच राहतो.

लोक याला ‘नॅनी टॅक्स’ म्हणतात, पण या नावाचा वेगळा कर कायद्यात नाही. एडिसन किंवा फ्रीमॉन्टमध्ये राहणाऱ्या मराठी इंजिनिअरच्या पगारपत्रकावर ‘फायका’ नावाची जी ओळ असते, तीच ही ओळ. सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के, मेडिकेअरचे १.४५ टक्के, मिळून ७.६५. तेवढेच कंपनी आपल्या खिशातून घालते. नॅनी ठेवली की हाच इंजिनिअर त्या ओळीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो. मोठ्या कंपनीला जो दर, तोच दोन खोल्यांच्या घराला.

एका आठवड्याचा हिशेब मांडून पाहू. तासाला २० डॉलर, ४० तास, म्हणजे ८०० डॉलर. त्यातून बाईंच्या वाट्याचे ६१ डॉलर २० सेंट कापायचे, हातात ७३८ डॉलर ८० सेंट द्यायचे आणि आपले ६१ डॉलर २० सेंट बाजूला ठेवायचे. वर्षाला पन्नास आठवडे धरले तर ४०,००० डॉलर पगारावर दोन्ही बाजू मिळून ६,१२० डॉलर होतात. कोणत्याही तिमाहीत १,००० डॉलर किंवा जास्त पगार दिला, तर केंद्राचा बेकारी विमा कर येतो. तो पगाराच्या पहिल्या ७,००० डॉलरवरच असतो, राज्याचा बेकारी कर वेळेवर भरला तर बहुतेक ठिकाणी ४२ डॉलरवर आटपतो, आणि बाईंच्या पगारातून तो कापता येत नाही. बाईंचा आयकर कापण्याची सक्ती मात्र नाही. त्यांनी मागितलं आणि आपण मान्य केलं, तरच. राज्यांचे नियम निराळे: कॅलिफोर्नियात तिमाहीला ७५० डॉलर झाले की राज्याकडे नोंदणी करावी लागते.

आता बाईंच्या बाजूने पाहा. खरी गंमत तिथे आहे.

म्हातारपणी पेन्शन मिळायला ४० ‘क्रेडिट्स’ लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात. २०२५ मध्ये एका क्रेडिटला १,८१० डॉलरची नोंदलेली कमाई लागत होती, म्हणजे चारांना ७,२४०. आठवड्याला ८०० डॉलर मिळवणाऱ्या बाईंची वर्षाची चारही क्रेडिट्स दहाव्या आठवड्यात पुरी होतात! बाळ पालथं पडायला शिकेपर्यंत सांभाळणाऱ्या बाईंच्या पेन्शनची चाळिसातली चार पावलं चालून झालेली असतात.

पेन्शनचा आकडा कसा काढतात, ते तर मला या सगळ्या यंत्रणेतलं सर्वांत सुंदर गणित वाटतं. माणसाची सर्वाधिक कमाईची ३५ वर्षं घेतात, महागाई-वेतनवाढीचा विचार करून त्यांची मासिक सरासरी काढतात आणि त्या सरासरीचे तुकडे पाडतात. २०२५ मध्ये ज्यांचा हिशेब सुरू झाला, त्यांच्या पहिल्या १,२२६ डॉलरवर ९० टक्के, त्यापुढे ७,३९१ डॉलरपर्यंत ३२ टक्के आणि त्याच्याही वर १५ टक्के. जिची कमाई कमी, तिच्या प्रत्येक डॉलरला जास्त मोल. कापताना नॅनीला आणि इंजिनिअरला दर एकच, पण परत देताना नॅनीचं पारडं जड.

मात्र हे गणित नोंदीवर चालतं. नोंदलेली वर्षं ३५ भरली नाहीत, तर उरलेलं प्रत्येक वर्ष शून्य म्हणून धरलं जातं. तीन घरांतली तीन मुलं बारा वर्षं सांभाळली, पगार रोखीत पाकिटातून घेतला, तर बारा शून्यं. त्या बारा वर्षांत बाईंना अपंगत्व आलं तर विम्याचा आधार डळमळीत, काम सुटलं तर बेकारी भत्ता मागायला कागद नाही. ‘त्यांनाच कॅश हवी असते’ असं अनेक घरं सांगतात, आणि आजच्या आठवड्याला ६१ डॉलर जास्त मिळणार म्हटल्यावर तसं वाटणं साहजिक आहे. पण या सौद्यात मालकाचे वाचतात ते पैसे आणि बाईंची जातात ती वर्षं. म्हणून मला तो सौदा बरोबरीचा वाटत नाही.

पेन्शनची ही वही घरकामाच्या बायकांसाठी उघडायला वेळ लागला. १९३५ चा मूळ सोशल सिक्युरिटी कायदा घरकाम आणि शेतमजुरी वगळूनच मंजूर झाला. घराघरांतून वसुली करणं अवघड आहे, असं अर्थमंत्री हेन्री मॉर्गेंथाऊ यांनी संसदेच्या समितीपुढे सांगितलं होतं. कारण काहीही असो, दक्षिणेतल्या लाखो कृष्णवर्णीय बायका बाहेर राहिल्या. एकाच घरी नियमित काम करणाऱ्यांसाठी १९५१ पासून दार उघडलं. तिमाहीला ५० डॉलर पगार झाला की कर.

त्यावर टेक्ससमधल्या मार्शल गावच्या गृहिणींनी बंड पुकारलं. सरकार आम्हाला बिनपगारी वसुली कारकून बनवतंय, अशी त्यांची तक्रार होती. त्या कोर्टात गेल्या आणि १९५३ मध्ये अपील न्यायालयात हरल्या. स्वयंपाकघरातल्या पगारावरून केंद्र सरकारशी लढणाऱ्या त्या बायकांच्या चिकाटीचं मला नवल वाटतं. ज्यांच्या पेन्शनचा प्रश्न होता, त्या त्यांच्याच घरात भांडी घासत होत्या, याचंही.

तो ५० डॉलरचा आकडा पुढची चार दशकं तसाच राहिला. महागाई वाढत गेली, आणि अधूनमधून संध्याकाळी मूल सांभाळायला येणारी शेजारची मुलगीही रेषेच्या वर गेली. कायदा पाळणारे थोडे, न पाळणारे बहुतेक. मग डिसेंबर १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांनी ॲटर्नी जनरल पदासाठी झोई बेर्ड यांचं नाव सुचवलं. त्यांनी मूल सांभाळायला आणि गाडी चालवायला ठेवलेल्या पेरूच्या जोडप्याकडे कामाचा परवाना नव्हता आणि सोशल सिक्युरिटीचा कर वेळेवर भरलेला नव्हता. नाव मागे घ्यावं लागलं. पाठोपाठ न्यायाधीश किंबा वूड यांचं नाव पुढे आलं. त्यांनी कर भरला होता आणि परवाना नसलेली नॅनी ठेवली तेव्हा तसं ठेवणं बेकायदा नव्हतं, तरी त्यांनाही माघार घ्यावी लागली. शेवटी जॅनेट रेनो अमेरिकेच्या पहिल्या महिला ॲटर्नी जनरल झाल्या. पुरुष उमेदवारांच्या घरातल्या नॅनीबद्दल एवढी झडती कधी झाली होती, हा प्रश्न तेव्हा अनेक बायकांनी विचारला आणि तो रास्त होता.

त्या गदारोळातून १९९४ चा सुधारणा कायदा आला. रेषा तिमाहीच्या ५० डॉलरवरून वर्षाच्या १,००० डॉलरवर गेली. १८ वर्षांखालच्या, शिकत असलेल्या मुलामुलींना सूट मिळाली. आणि घरासाठी दर तिमाहीचे वेगळे फॉर्म जाऊन ‘शेड्यूल एच’ आलं, जे आपल्या वार्षिक आयकर विवरणालाच जोडायचं. वर्षअखेरीस मोठी रक्कम एकदम अंगावर येऊ नये म्हणून स्वतःच्या नोकरीतल्या पगारातून थोडा जास्त कर कापून घ्यायला सांगता येतं. ही सोय फार थोड्यांना माहीत असते.

आता एक नेहमीचा घोळ. ‘आमच्या नॅनी स्वतंत्र व्यावसायिक आहेत, त्यांचं त्या बघतील’ असं म्हणून अनेकजण स्वतंत्र व्यावसायिकाला देतात तो १०९९ फॉर्म बाईंच्या हातात ठेवतात. कधी यायचं, काय करायचं, कसं करायचं हे आपण ठरवत असू, तर त्या कर्मचारीच. याउलट बाळाला एखाद्या काकूंच्या घरच्या डेकेअरमध्ये सोडलं, तर त्या काकू सहसा आपल्या कर्मचारी नसतात. आठवड्याला ४० तासांच्या वर काम झालं की दीडपट पगार द्यायचा, ही केंद्राच्या कायद्याची अट १९७४ पासून घरकामालाही आहे. मालकाच्याच घरी राहणाऱ्यांचे नियम वेगळे. न्यू जर्सीत जुलै २०२४ पासून घरकामगारांच्या हक्कांचा कायदा लागू आहे आणि लेखी करार हा त्याचा महत्त्वाचा भाग आहे.

पुण्याहून किंवा नाशिकहून पाहुण्यांच्या व्हिसावर आलेल्या आजीने नातवंडाला मांडीवर घ्यावं, खाऊ घालावं, तो तिचा हक्कच. पगार मात्र तिला देता येत नाही. आणि शेजारच्या ओळखीच्या कुणी ताई डिपेंडंट व्हिसावर असतील, तर कामाच्या परवान्याशिवाय त्यांनाही नोकरीवर ठेवता येत नाही. पहिल्याच दिवशी कामाचा परवाना तपासणारा आय-९ फॉर्म भरून घेतला की हे आपोआप कळतं.

कायदेशीर वाटेने गेलं तर घरालाही काही परत मिळतं. मुलांच्या संगोपनाच्या खर्चावरची करसवलत मागताना सांभाळणाऱ्या व्यक्तीचा सोशल सिक्युरिटी क्रमांक द्यावा लागतो. पाकिटातून दिलेल्या पगारावर तो कुठून देणार?

तुमच्या घरी नॅनी येणार असतील, तर पगार ठरवताना ‘हातात किती’ असं न बोलता कापण्याआधीची रक्कम बोला आणि मालक म्हणून ओळख क्रमांक आधीच काढून ठेवा. जानेवारीच्या ३१ तारखेपर्यंत त्यांना सरलेल्या वर्षाच्या पगाराचा डब्ल्यू-२ फॉर्म द्या, आणि सोशल सिक्युरिटीच्या संकेतस्थळावर स्वतःचं खातं उघडून आपली वर्षं कशी पाहायची, तेही त्यांना शेजारी बसून दाखवा.