घरच्या प्रिंटरची खतावणी

मे महिन्यातील शनिवारची रात्र होती. दुसऱ्या दिवशी नातीची ‘नीट’ परीक्षा. केंद्र नांदेडला असल्यामुळे सकाळच्या गाडीने परभणी सोडायचे ठरले होते. या परीक्षेला प्रवेशपत्र कागदावर छापलेलेच लागते, मोबाईलमधले दाखवून भागत नाही. “घरात प्रिंटर आहे, मग घाई कशाला?” असे दोन दिवस मीच सर्वांना सांगत होतो. रात्री साडेनऊला कागद लावून आज्ञा दिली. यंत्राने दोन-तीन वेळा घरघर केली आणि पडद्यावर संदेश उमटला, की रंगीत शाई संपली आहे. छायाचित्र सोडले तर प्रवेशपत्राचा सारा मजकूर काळा, आणि काळी शाई अर्ध्याहून अधिक शिल्लक. तरीही काळे अक्षर उमटवण्यास यंत्राने साफ नकार दिला. नात काहीच बोलली नाही. तिने फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

वाचकहो, माझी सारी नोकरी बँकेत गेली. संगणक आल्यानंतरची बहुतेक वर्षे टेबलाशेजारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरत असे. त्याच्या सुया रिबनीवर ठोका देत, म्हणूनच त्याखाली कार्बन ठेवून दोन-तीन प्रती एकदम निघत. रिबन जुनी झाली की अक्षर फिकट होई, खातेदार पासबुक उजेडाकडे धरून कुरकुर करी, आणि मग आम्ही रिबन बदलत असू. आपले दुखणे ते यंत्र आधी सांगे. ऐनवेळी तोंड फिरवणे त्याला ठाऊक नव्हते. त्याच भरवशावर निवृत्तीनंतर घरी इंकजेट प्रिंटर आणला. किंमत 3,600 रुपये. एवढ्या स्वस्तात छपाई, झेरॉक्स आणि स्कॅन, तिन्ही सोयी मिळतात याचे मला अप्रूपच वाटले होते.

त्या रात्रीनंतर मी जुन्या सवयीने खाते मांडले. चौदा महिन्यांत छापलेली पाने 212. प्रिंटर 3,600, काळी कार्ट्रिज दोन, प्रत्येकी 850, रंगीत एक, 1,050. एकूण 6,350 रुपये, म्हणजे दर पानाला जवळजवळ तीस रुपये. कागद आणि वीज यात धरलेली नाही. आमच्या गल्लीतील झेरॉक्सवाला काळ्या पानाचे पाच रुपये घेतो. सर्व पाने त्याच्याकडे छापली असती तर हजार-अकराशे रुपयांत काम झाले असते, रंगीत पानांमुळे थोडे अधिक. या व्यवहाराला मराठीत एक प्रसिद्ध म्हण आहे, परंतु तिच्यात कोंबडी असल्यामुळे आपल्या अंकात ती लिहीत नाही. नाकापेक्षा मोती जड, एवढ्यावर भागवू.

एवढी शाई गेली कुठे? याचे उत्तर यंत्राच्या रचनेत आहे. इंकजेटची छिद्रे केसाहूनही बारीक असतात. काही यंत्रांत सूक्ष्म उष्णतेने शाईचा बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. 1977 मध्ये कॅननच्या एका संशोधकाकडून तापलेली डाख देण्याची कांडी चुकून शाईच्या सुईला लागली आणि थेंब उडाला, त्यातून ही युक्ती सुचली असे ती कंपनी सांगते. शाईत मुख्यतः पाणी. परभणीच्या उन्हाळ्यात माणसाचा घसा कोरडा पडतो, तिथे या छिद्रांची काय कथा? ती सुकू नयेत म्हणून काम संपल्यावर यंत्र त्यांच्यावर झाकण बसवते, परंतु त्यासाठी यंत्र त्याच्याच बटणाने बंद करावे लागते. छपाई चालू असताना वीज गेली तर छिद्रे उघडीच राहतात. वीज परत आली की यंत्र स्वतःची सफाई करते, आणि ती सफाई शाईनेच होते. आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे मी सांगायला नको. म्हणजे माझी निम्मी शाई कागदावर न पडता यंत्राच्या पोटातील पॅडमध्ये मुरली असावी. शिवाय रंगीत कार्ट्रिजमध्ये तीन रंग एकत्र असतात. त्यातील एक संपला की उरलेले दोन्ही टाकून द्यायचे.

व्यापारी घरांना यातील हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. यंत्र स्वस्तात द्यायचे आणि नफा शाईवर काढायचा, हे धोरण उघड आहे. बाहेरची शाई भरू नये म्हणून कार्ट्रिजवर चिप बसवतात. 2022 च्या प्रारंभी जगभर चिपचा तुटवडा पडला, तेव्हा कॅननला आपलीच काही टोनर कार्ट्रिज चिपविना विकावी लागली, आणि यंत्र अस्सल मालालाच नकली म्हणू लागले. तो इशारा दुर्लक्षून पुढे कसे जावे, हे मग कंपनीनेच जर्मनीतील ग्राहकांना सांगितले. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणतात ते या बाबतीत तरी खरे ठरले! त्याआधी, मे 2017 मध्ये, लेक्समार्क कंपनी आणि वापरलेली कार्ट्रिज पुन्हा भरून विकणारा एक छोटा व्यापारी यांच्या वादात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की माल एकदा विकला की त्यावरील विक्रेत्याचा पेटंटहक्क संपतो. निकाल व्यापाऱ्याच्या बाजूने लागला, परंतु चिप काही गेली नाही.

दुकानदारांनी मात्र न्यायालयाची वाट पाहिली नव्हती. प्रिंटरच्या कडेला बाटल्या लावून नळ्यांनी शाई पुरवण्याची जोड त्यांनी केव्हाच केली होती. ते पाहून 2010 मध्ये एप्सनने इंडोनेशियात स्वतःच टाकीचा प्रिंटर आणला. पुढे तसे प्रिंटर आपल्याकडेही आले. असा प्रिंटर माझ्या यंत्राच्या तिप्पट-चौपट किमतीला पडतो, पण बाटलीभर शाईत हजारो पाने निघतात. ज्यांच्या पेढीवर रोज पावत्या आणि चलने निघतात त्यांनी तो घ्यावा. केवळ काळी छपाई असेल तर लेझर बरा, कारण त्याची शाई म्हणजे भुकटी, ती सुकत नाही. महिन्याला पंधरा पाने छापणाऱ्या माझ्यासारख्याने काहीच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

त्या रात्री अखेर पेनड्राइव्ह खिशात घालून मी गल्लीच्या टोकाला गेलो. दुकानाचे शटर पडलेले. झेरॉक्सवाला दुकानामागेच राहतो. कडी वाजवली, तो जेवणावरून हात धुऊन आला आणि त्याने शटर अर्धे वर केले. “काका, बऱ्याच दिवसांनी येणं केलंत,” तो म्हणाला. चौदा महिन्यांत मी त्याच्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. त्याच्या यंत्रातून दोन प्रती क्षणात निघाल्या. मी पन्नासची नोट पुढे केली, त्याने दहा रुपये घेऊन चाळीस परत दिले. रात्रीचे वेगळे काही लावा म्हटले, तर तो नुसता हसला आणि नातीच्या परीक्षेची वेळ विचारू लागला.

प्रिंटर अजून दिवाणखान्यात आहे. रंगीत शाई संपल्यामुळे तो स्कॅनसुद्धा करत नाही. आमच्या सौभाग्यवतींनी त्यावर भरतकामाचा रुमाल घातला असून सध्या त्यावर मोबाईल चार्जिंगला लावलेला असतो.