साखरेत पुढे कोण? भारत की ब्राझील?



ढोकीचा तेरणा, केशेगावचा आंबेडकर, रांजणीचा नॅचरल... आपल्या धाराशिव जिल्ह्यात कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी गावे आहेत. म्हणून २०२१-२२ च्या हंगामाची बातमी आपल्याला घरचीच वाटली. त्या वर्षी भारताने सुमारे ३५९ लाख टन साखर केली आणि ब्राझीलला मागे टाकून जगात पहिला नंबर पटकावला. त्यातली १३७ लाख टन एकट्या महाराष्ट्राची!

आनंद झाला, तो रास्तच होता. पण एका तासावरून बैल पारखतात का? दोन देशांची तुलनाही एका हंगामावरून करू नये. थोडे मागे जाऊन पाहू.

१९९०-९१ मध्ये भारताची साखर सुमारे १२० लाख टन होती, ब्राझीलची ७४ लाख टन. २०००-०१ मध्ये आपली १८५, त्यांची १६२. २०१०-११ मध्ये आपली २४४ आणि त्यांची तब्बल ३८० लाख टन! २०२१ साली तिकडे दुष्काळ आणि कडाक्याची थंडी पडली, तेव्हा आपण पुढे गेलो. २०२३-२४ मध्ये ब्राझीलने साडेचारशे लाख टनांचा टप्पा ओलांडला. आपण ३२० लाखांच्या आसपास राहिलो.

आता खरी गंमत ऐका. १९९०-९१ मध्ये आपल्या कारखान्यांनी सुमारे १२ कोटी टन ऊस गाळला, तर ब्राझीलने २२ कोटी टन. ऊस जवळजवळ दुप्पट आणि साखर कमी, हे कसे? तेल महागल्यावर ब्राझीलने १९७५ मध्ये उसापासून मोटारीचे इंधन करण्याची मोठी योजना आखली होती. बराचसा रस साखरेकडे न जाता अल्कोहोलकडे जात होता. म्हणजे नुसती साखरेची पोती मोजून कारखानदारीची ताकद कळत नाही. आज आपणही इथेनॉल करतो. पण पाऊस कमी झाला, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घालावे लागले.

इथे मुद्दा येतो पाण्याचा. ब्राझीलच्या साव पावलो भागात बहुतेक ऊस पावसावरच येतो. आपला ऊस मात्र मांजरा, तेरणा, विहीर आणि बोअरवर उभा असतो. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. पहिल्या नंबराच्या बातमीत हे पाणी कुठेच मोजलेले नसते.

देशाचा हिशेब सरकार ठेवील, आपला आपणच ठेवू. या संक्रांतीपासून घरात एक वही घाला. एकरी किती टन ऊस गेला, रानात किती महिने होता, विहिरीला पाणी कधीपर्यंत पुरले, तोडणी आणि खत वजा जाता हातात काय उरले, हे दरसाल लिहा. शेजारच्या पानावर तूर, सोयाबीन आणि ज्वारीचे लिहा. पाणी किती दूरवरून आणावे लागले, ते घरातल्या बाईला विचारून नोंदवा. तिच्याइतके ते कुणालाच ठाऊक नसते.

पाच वर्षांनी ती वही उघडा. पुढची लावण उसाची की दुसऱ्या कशाची, आणि उसाची असेल तर ठिबकवर किती गुंठे, ते घरातली सगळी माणसे मिळून ठरवा.