गाडी मागेल तेवढीच वीज

विरारच्या पुढे रेल्वेच्या तारांमध्ये कित्येक वर्षं विजेची एक सीमा होती. बोरिवली-विरार मार्गाचं विद्युतीकरण १९३६ साली झालं ते १५०० व्होल्टच्या डीसीवर, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेवर. पुढे १९७०च्या दशकात विरारपासून गुजरातकडे तारा ओढल्या, त्या मात्र २५ हजार व्होल्ट एसीच्या, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या विजेच्या. मुंबई-अहमदाबाद गाड्यांसाठी चित्तरंजनच्या कारखान्यानं दोन्ही विजांवर चालणारं इंजिनच बनवलं, त्याचं नाव डब्ल्यूसीएएम-१. सीमेवरचा तारेचा छोटासा टप्पा मुद्दाम वीजहीन ठेवलेला असे. तो इंजिन आपल्या वेगाच्या भरात ओलांडी आणि पलीकडे वेगळ्या विजेवर पुन्हा जोर धरी.

या इंजिनाच्या मोटरींना दोन्हीकडे हवी असायची डीसीच. मग एसीची डीसी करायची कुणी? विरारच्या अलीकडे ते काम रुळांकडेची सबस्टेशनं करत. पलीकडे त्यासाठीचं अवजड सामान इंजिन स्वतःच्या पोटात घेऊन धावे. २०१२ साली पश्चिम रेल्वेची उपनगरी वाहतूक पूर्णपणे एसीवर गेली आणि ही सीमा मिटली. प्रश्न मात्र मिटला नाही. तो रुळांवरून उतरून शेजारच्या हायवेवर आला आहे, आणि मला तो फार सुंदर वाटतो: वीज बदलण्याचं यंत्र गाडीनं वाहायचं की रस्त्याच्या कडेला उभं करायचं?

इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीत फक्त डीसी शिरते. महावितरणच्या तारेतून येते ती एसी. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटला गाडी लावली की एसीची डीसी करणारा चार्जर असतो गाडीतच. वजन, उष्णता आणि किंमत सांभाळायची म्हणून तो लहान ठेवतात; आपल्याकडे बहुधा ३.३ किंवा ७.२ किलोवॅटचा. फास्ट चार्जर ही सगळी जबाबदारी रस्त्याकडेच्या उंच कपाटावर टाकतो. ते घुमणारं कपाट म्हणजे एक छोटं सबस्टेशनच. त्यातून ३०, ६० किंवा त्याहून जास्त किलोवॅट तयार डीसी थेट बॅटरीच्या दाराशी येते.

विरारहून वांद्रे-कुर्ला संकुलात रोज गाडीनं जाऊन येणाऱ्याचे शंभरेक किलोमीटर होतात. मध्यम आकाराची गाडी एका युनिटला सहा-सात किलोमीटर देते असं धरलं, तर रोज पंधराएक युनिटं लागली. घरच्या सॉकेटवर हे पाच तासांचं काम आहे, म्हणजे झोपेत उरकणारं. पण नालासोपारा-विरारच्या कितीतरी इमारतींत हक्काची पार्किंगची जागा नाही, आणि असली तरी मीटर रूमपासून तिथवर वायर ओढायला सोसायटीची संमती आणि मंजूर लोड लागतो. अशा माणसाची भिस्त वसई फाटा, विरार फाटा, ऑफिसजवळचं पार्किंग अशा ठिकाणच्या फास्ट चार्जरवरच असते. ३० किलोवॅटनं पंधरा युनिटं म्हणजे अर्धा तास. कागदावर तरी.

एकदा ती चार्जिंग गन नीट निरखून पाहा. खाली दोन जाड पिना. मोठा प्रवाह जातो तो त्यांतून. वरच्या गोल भागात पिनांसाठी सात जागा आहेत, पण त्यांतल्या तीनच भरलेल्या असतात. एक अर्थिंगची. दुसरी गन नीट बसली का ते सांगणारी. तिसरी संभाषणाची. गन लावल्यापासून वीज सुरू होईपर्यंत जे काही सेकंद जातात, त्यात या तिसऱ्या तारेवरून खरोखरच बोलणं चालू असतं. आधी गाडी गनला कुलूप लावते. मग ती आपली मर्यादा सांगते: जास्तीत जास्त इतके व्होल्ट, इतके अँपिअर. चार्जर वीज कुठे गळत नाही ना ते तपासतो, आपला व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजपाशी आणून ठेवतो, आणि मगच आतले जाड संपर्क ‘टक्’ करून जुळतात. गनला कुलूप लागेपर्यंत पिनांमध्ये वीजच नसते. भर जुलैत, धो धो पावसात गन हातात धरताना पोटात गोळा येतो, तेव्हा हा क्रम आठवावा.

यानंतरही हुकूम गाडीचाच चालतो. आता इतके अँपिअर दे, आता कमी कर, असं ती सेकंदाला अनेकदा सांगत राहते आणि चार्जर निमूटपणे तेवढेच देतो. कपाटावर ‘६० किलोवॅट’ लिहिलेलं असतं ती फक्त त्याची कमाल ताकद. प्रत्यक्षात किती मिळेल ते ठरतं बॅटरीच्या आत, ग्रॅफाइटच्या थरांत.

लिथियम-आयन बॅटरीत चार्जिंग म्हणजे लिथियमच्या आयनांनी एका बाजूकडून निघून ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसणं. कार्बनचे अणू तिथे एकावर एक पत्रे ठेवल्यासारखे रचलेले असतात आणि दर सहा कार्बनमागे एका लिथियमला जागा मिळते. चर्चगेटला रिकामी विरार लोकल लागली की पहिले लोक धावत जाऊन बसतात. अंधेरीला मात्र दारातून आत सरकायलाच वेळ लागतो. इथेही तसंच. जागा भरत आल्या की नव्या आयनाला आत शिरायला अवधी हवा. तो न देता प्रवाह रेटला, तर लिथियम आत जाण्याऐवजी ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचतो, आणि तेवढी क्षमता बॅटरी कायमची गमावते. म्हणून गाडीचा संगणक साधारण ८० टक्क्यांच्या आसपास मागणी उतरवू लागतो. शेवटच्या वीस टक्क्यांना अनेकदा आधीच्या साठ टक्क्यांइतकाच वेळ लागतो, तो यामुळे. ज्या बॅटरीच्या पायाभूत कामासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळालं, तिचा हा स्वभावच आहे.

थंडीत आयनांची चाल आणखी मंदावते. नॉर्वेच्या हिवाळ्यात फास्ट चार्जिंगआधी बॅटरी गरम करून घ्यावी लागते. वसईला ती चिंता नाही. आपल्याकडे त्रास उलटा. मे महिन्यात चार्जरवर उभ्या असलेल्या गाडीचा पंखा जोरात फिरू लागतो, कारण आत जाणाऱ्या विजेतली थोडी उष्णता होते आणि ती बाहेर काढावीच लागते.

मग पेट्रोलच बरं, असं कुणी म्हणेल. वेगात त्याला तोड नाही हे खरंच. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिटं ऊर्जा असते. मिनिटाला ३० लिटर सोडणाऱ्या नोझलमधून म्हणजे तब्बल १६ हजार किलोवॅट वाहतात! पण इंजिन त्यातला तीन-चतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपानं उधळून देतं. इलेक्ट्रिक गाडी मिळालेल्या विजेतली बहुतेक चाकांपर्यंत पोचवते, आणि घोडबंदरच्या कोंडीत दर ब्रेकला थोडी परतही घेते.

ही वीज येते कुठून? चार्जरमागच्या ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे देशभर पसरलेलं ग्रिड आहे. २०१३ च्या अखेरीपासून दक्षिणेसकट सगळं एकाच तालात, सेकंदाला पन्नास आवर्तनांनी चालणारं. त्याच ग्रिडला पालघर जिल्ह्यातलंच तारापूर जोडलेलं आहे, १९६९ साली सुरू झालेलं देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. युरेनियमचा अणू फुटून सुटलेल्या ऊर्जेचा काही अंश विरार फाट्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसत असेल, या विचारानं मला अजूनही चकित व्हायला होतं.

चार्जर उभारायला २०१८ पासून वेगळा वीज परवाना लागत नाही, त्यामुळे हॉटेलांच्या आवारात आणि पेट्रोल पंपांवर ही कपाटं वाढताहेत. अनेक कपाटांना दोन गना असतात आणि दोन्हींना गाड्या लागल्या की ताकद वाटली जाते. तेव्हा सकाळच्या रांगेत पुढचा माणूस ८० टक्क्यांना गन काढून निघाला, तर त्याचं फारसं काही जात नाही, आणि मागच्याचा अर्धा तास वाचतो. स्वतःची बॅटरीही १५-२० टक्क्यांवर असताना लावावी. आयनांना आत मोकळी जागा असते, आणि कपाटाची पूर्ण ताकद तेव्हाच पदरात पडते.