पाण्याची खाण

मुंबईहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलगाडीत बसले, की कल्याण मागे पडल्यावर खिडकीबाहेरचे दृश्य हळूहळू पालटू लागते. उंच इमारतींची दाटी विरळ होते, भाताची खाचरे दिसू लागतात, आणि वासिंद ओलांडल्यावर डाव्या हाताला माहुलीच्या डोंगराचे सुळके आकाशात घुसलेले दिसतात. मुंबईपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आसनगाव येते. शहापूर गाठण्यासाठी येथेच उतरावयाचे. मुंबई-नाशिक महामार्गावरचे हे तालुक्याचे गाव आता मुंबईचे एक दूरचे उपनगरच होऊ पाहत आहे. पहाटेच्या गाडीने मुंबईस कामाला जाणारे आणि रात्री परतणारे लोक येथे पुष्कळ आहेत. परंतु शहापूरचे आणि मुंबईचे खरे नाते या रुळांवरून जात नाही. ते जाते जमिनीलगत धावणाऱ्या प्रचंड लोखंडी नळांतून. ते नाते नीट समजावून घेण्यासाठी आपण या तालुक्यात थोडी भटकंती करू.

आरंभी माहुलीला ओझरते का होईना, नमन केले पाहिजे. पळसगड, माहुली आणि भंडारगड अशी या किल्ल्याची तीन अंगे आहेत. १६३६ साली निजामशाहीचा बाल सुलतान घेऊन शहाजीराजे येथे आश्रयास आले असता मोगल आणि आदिलशाही फौजांनी गडाला वेढा घातला. शेवटी शहाजीराजांना तह करावा लागला, आणि निजामशाहीची अखेर झाली. पुढे १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा गड मोगलांना द्यावा लागला व १६७० साली मोरोपंत पिंगळे यांनी तो पुन्हा स्वराज्यात आणला. गडाचा चढ खडा आहे. तो चढताना ज्यांना धाप लागते, त्यांना वेढा घालणाऱ्यांचे कष्ट आपोआप कळतात!

माहुलीच्या पलीकडे डोंगरांच्या कुशीत तानसा तलाव आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबईचे लोक विहिरी, तळी आणि टाकी यांवर विसंबून असत. शहर वाढत होते, पाणी मात्र तेवढेच होते. १८६० च्या सुमारास विहार, १८७९ साली तुळशी आणि १८९० च्या सुमारास पवई असे तलाव शहराजवळच बांधण्यात आले. पण १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती आठ लाखांवर गेलेली आढळली, आणि जवळपासच्या टेकड्यांचे पाणी तिला पुरण्यासारखे नव्हते. तेव्हा दृष्टी वळली दूरच्या शहापूरकडे. मेजर हेक्टर टुलॉक नावाच्या अभियंत्याने तानसा नदीची जागा त्याआधी सुमारे वीस वर्षे सुचवून ठेवली होती. तेथे दगड व चुना यांचे धरण बांधण्यात आले. त्याची लांबी सुमारे २,८०० मीटर, म्हणजे जवळजवळ तीन किलोमीटर आहे! सावकाश पावले टाकणाऱ्या माणसाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास पाऊण तास लागावा. १८९२ साली व्हाइसरॉय लॉर्ड लान्सडाउन यांच्या हस्ते या कामाचे उद्घाटन झाले. त्या समारंभाचे वर्णन बहुतेकांना ठाऊक नसते, आणि नसले तरी बिघडत नाही. ज्या हजारो मजुरांनी हा दगड फोडला, वाहिला आणि रचला, त्यांची नावे मात्र कोठेच कोरलेली नाहीत, याची मला नेहमी खंत वाटते.

आता एक प्रश्न तुमच्या मनात येईल. एवढ्या दूरचे पाणी मुंबईपर्यंत गेले कसे? त्या काळी आजच्यासारखे विजेचे पंप नव्हते. याचे उत्तर सोपे आहे. तानसा मुंबईहून उंचावर आहे, आणि पाणी उंचाकडून सखलाकडे आपणहून धावते. अभियंत्यांनी एवढेच केले, की त्याला धावण्यासाठी अखंड उतार करून दिला. जेथे जमीन सोयीची होती तेथे दगडी बांधणीचा बंदिस्त पाट केला. जेथे टेकडी आडवी आली तेथे बोगदा पाडला. आणि जेथे खोल दरी किंवा खाडी लागली तेथे लोखंडी नळ टाकले. नळात कोंडलेले पाणी दरीत उतरते आणि मागच्या पाण्याच्या दाबाने पलीकडच्या बाजूस पुन्हा वर चढते. रबरी नळीचे एक टोक उंच धरून तिच्यात पाणी ओतले, तर दुसऱ्या टोकाचे पाणी त्याच उंचीपर्यंत चढते, हे तुम्ही घरीही करून पाहू शकाल. हाच नियम शतकाहून अधिक काळ एका महानगराची तहान भागवीत आला आहे.

तानशावर ही गोष्ट थांबली नाही. वैतरणा नदीवर १९५७ च्या सुमारास मोडकसागर तयार झाला. मुंबई महानगरपालिकेचे अभियंते ना. वि. मोडक यांचे नाव त्याला दिलेले आहे. त्यानंतर ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि अलीकडे मध्य वैतरणा अशी धरणे उभी राहिली. यांपैकी भातशाचे धरण शहापूर तालुक्यातच असून त्याची उंची सुमारे ८८ मीटर आहे. मुंबईला दररोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी लागते, आणि त्यातील जवळपास निम्मे एकट्या भातशातून येते. पावसाळ्यात मुंबईची वर्तमानपत्रे या तलावांच्या पातळ्या रोज छापतात. पालिकेच्या मोजपट्टीवर पाणी १२८.६३ मीटरच्या खुणेस पोहोचले, की तानसा भरला असे समजतात, आणि सारे शहर सुटकेचा निःश्वास टाकते.

शहापूरला पाण्याची खाण म्हणण्याचे कारण आता तुमच्या ध्यानात आले असेल. खाणीच्या गावांचे नशीब जगभर साधारण सारखेच असते, म्हणून येथे जरा दूरदेशीचे एक उदाहरण देतो. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग या महानगराच्या पश्चिमेस रूडपोर्ट नावाचे उपनगर आहे. १८८४ साली फ्रेड स्ट्रुबेन याला तेथे सोन्याचा एक धागा सापडला. तो धागा लवकरच संपला. परंतु दोन वर्षांनी जवळच सोन्याचा अफाट साठा हाती लागला आणि उघड्या माळावर जोहान्सबर्ग शहर उभे राहिले. स्ट्रुबेनच्या जुन्या खाणीची जागा आता क्लूफेंडाल नावाच्या राखीव रानात आहे, आणि झाडे, पक्षी व ती खाण अशी तिन्ही पाहण्यास लोक तेथे जातात. पण सोने पिऊन कोणाची तहान भागत नाही! त्या सोन्याच्या शहराजवळ मोठी नदी नाही. म्हणून लेसोथो या डोंगराळ देशात १८५ मीटर उंचीचे कात्से धरण बांधून १९९८ पासून तेथील पाणी त्या प्रदेशाकडे वळविण्यात आले. त्या धरणाखाली डोंगरी लोकांची शेते व कुरणे गेली.

सोन्याच्या आणि पाण्याच्या खाणींत एक मोठा भेद आहे. सोने एकदा काढले की संपले. पाण्याची खाण दर पावसाळ्यात नव्याने भरते. मात्र त्यासाठी एक अट आहे: भोवतालचे रान शाबूत राहिले पाहिजे. शहापुरात चार महिन्यांत सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. उघड्या डोंगरावर तो पडला, तर माती घेऊन थेट खाली धावतो आणि तलाव गाळाने भरत जातो. झाडे असली, तर पानांच्या छत्रीवर त्याचा मारा बोथट होतो, जमिनीवरचा पालापाचोळा त्याला अडवितो, मुळे माती धरून ठेवतात आणि बरेचसे पाणी मुरून सावकाश ओढ्यांना मिळते. तलावाचे पाणी निर्मळ राहावे, म्हणून त्याच्याभोवतीचे रान पूर्वीपासून राखण्यात आले. १९७० साली त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. तानसा अभयारण्याचा विस्तार सुमारे ३२० चौरस किलोमीटर असून शहापूर, वाडा आणि मोखाडा या तालुक्यांत ते पसरलेले आहे. साग, ऐन, खैर, मोह यांच्या या रानात बिबट्या, तरस, भेकर, रानडुक्कर आणि वानर यांचा वास आहे.

या रानातील एका लहानशा रहिवाशाची कथा सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. वनपिंगळा हे वीतभर उंचीचे घुबड केवळ भारतातच आढळते. त्याचे शास्त्रीय वर्णन १८७३ साली झाले. १८८४ नंतर मात्र तो कोणाला दिसल्याची खात्रीलायक नोंद मिळेना, आणि ही जात पृथ्वीवरून नाहीशी झाली असे अनेकांनी गृहीत धरले. अखेर १९९७ साली, म्हणजे तब्बल ११३ वर्षांनी, काही पक्षितज्ज्ञांना खानदेशात शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या रानात तो झाडावर बसलेला आढळला. इतर घुबडांप्रमाणे तो केवळ रात्रीचा पक्षी नाही. दिवसाढवळ्या तो उघड्या फांदीवर बसतो आणि शिकार करतो. तरीही शंभर वर्षे तो कोणाच्या नजरेस पडला नाही! पुढे २०१४ साली तो तानसा अभयारण्यातही असल्याची नोंद प्रसिद्ध झाली. दीड-दोन कोटी वस्तीच्या महानगरापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर असा दुर्मीळ जीव टिकून राहावा, ही काही लहान गोष्ट नव्हे. जुन्या झाडांच्या ढोलीत तो घरटे करतो. त्यामुळे जुनी झाडे गेली, की त्याचे घरही गेले. मुंबईची तहान वाढतच आहे. गारगाई नदीवर आणखी एक धरण बांधण्याची योजना महानगरपालिकेने आखलेली आहे, आणि त्या धरणासाठी याच अभयारण्यातील काही रान पाण्याखाली जावयाचे आहे. पाण्यासाठी राखलेले रान पाण्यासाठीच बुडवावे काय, हा प्रश्न मोठमोठ्या जाणत्यांनाही सुटलेला नाही.

आता या भटकंतीतील सर्वांत अवघड भाग येतो. आपल्या भाषेत 'धरण उशाला आणि कोरड घशाला' अशी म्हण रूढ झाली आहे. ती कोठे खरी ठरते हे पाहावयाचे असेल, तर एप्रिल-मे महिन्यांत शहापूरच्या पाड्यांवर जावे. ज्या तालुक्याचे पाणी मुंबई पिते, त्याच तालुक्यातील अनेक गावांना आणि पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावर हंडे घेऊन बायका आणि तुमच्याएवढ्या मुली उतार उतरून जातात, कोरड्या ओढ्यात खड्डा खणून बसतात, आणि त्यात झिरपणारे पाणी वाटीने भरून घेतात.

असे का व्हावे? एक कारण जमिनीत आहे. येथील काळा कातळ कठीण असल्यामुळे त्यात पाणी फार साठत नाही; विहिरी माघ-फाल्गुनातच तळ गाठतात. दुसरे कारण उंचसखलतेत आहे. धरणे दऱ्यांत बांधलेली आहेत, आणि ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी या लोकांचे पाडे बहुधा डोंगरउतारांवर आहेत. जो उतार पाण्याला फुकट मुंबईस नेतो, तोच उतार पाड्यावरच्या माणसाच्या आड येतो. त्याच्यापर्यंत पाणी चढवावयाचे तर यंत्रे, वीज आणि पैसा पाहिजे. तिसरे कारण निसर्गाचे नाही, माणसांचे आहे. धरणे बांधताना मुंबईचा हिशेब बारकाईने केला गेला, पण ज्यांची जमीन गेली त्यांच्या हंड्यांचा हिशेब तितक्या काळजीने कोणी केला नाही, असे म्हणणे भाग पडते. शेजारच्या मुरबाड तालुक्याचीही कथा निराळी नाही. १९७२ साली झालेल्या बारवी धरणातून कारखान्यांना व शहरांना पाणी मिळते; आणि त्या धरणाची उंची पुढे वाढविण्यात आली, तेव्हा मुरबाडमधील आणखी वस्त्यांना आपली घरे सोडावी लागली.

अलीकडे इगतपुरी तालुक्यातील भावली धरणाचे पाणी शहापूरच्या गावांना देण्याची योजना हाती घेण्यात आली आहे. भावली घाटमाथ्यावर, म्हणजे शहापूरच्या वर आहे. तेव्हा जो नियम तानशाचे पाणी मुंबईस नेतो, तोच आता शहापूरच्या उपयोगी पडावयाचा आहे.

मुरबाडला आलोच आहोत, तर नाणेघाट पाहून जाऊ. वैशाखऱ्यापासून ही वाट सह्याद्री चढते आणि जुन्नरकडे उतरते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण आणि सोपारा या बंदरांतील माल याच वाटेने घाटावर जात असे. माथ्यावर सातवाहनांनी कोरविलेले लेणे आहे. त्यातील ब्राह्मी लिपीच्या लेखात राणी नागनिकेच्या काळी झालेल्या यज्ञांचे आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापण नाण्यांचे आकडे दिलेले आहेत. आपल्या देशातील अंकलेखनाचा तो एक अत्यंत जुना पुरावा होय. जवळच एक भला मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत असत, असे लोक सांगतात. पण पाहणाऱ्यांचे लक्ष सहसा ज्यांच्याकडे जात नाही, ती गोष्ट म्हणजे तेथील पाण्याची टाकी. ज्या कातळात पाणी मुरत नाही म्हणून पाडे तहानतात, तोच कातळ खोदून त्या काळच्या लोकांनी पावसाचे पाणी तेथल्या तेथे, वाटसरू जेथे थांबत तेथेच, साठविले. कातळ पाणी आत घेत नाही, तसे आत आलेले बाहेरही जाऊ देत नाही. त्यांतील काही टाक्यांचे पाणी घाट चढून आलेले लोक आजही पितात.