भरतीच्या काळातील बांध : २००८ च्या वादळात भारतीय बँका का टिकल्या?

१५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही १८५० साली स्थापन झालेली पेढी दिवाळखोरीत निघाली. पाठोपाठ अमेरिका व युरोपातील नामांकित बँकांना सरकारी तिजोरीचा आधार घ्यावा लागला. भारतात शेअर बाजार कोसळला, निर्यात मंदावली, रोकड टंचाई जाणवली. परंतु एकही मोठी व्यापारी बँक बुडाली नाही. काळबादेवीच्या घाऊक पेढीपासून भाईंदरच्या खारी भागातील लहान दुकानापर्यंत धनादेशांचे व्यवहार चालूच राहिले. हे केवळ सुदैव नव्हते.

आपल्या बँकांचा परदेशी गृहकर्ज-रोख्यांशी संबंध अल्प होता. त्यांचा निधी मुख्यतः घरोघरच्या ठेवींचा होता आणि निम्म्याहून अधिक बँक व्यवसाय सरकारी बँकांकडे होता. तथापि याहून महत्त्वाचे कार्य मुंबईच्या फोर्टमधील रिझर्व्ह बँकेत संकटापूर्वीच झाले होते. डॉ. वाय. व्ही. रेड्डी सप्टेंबर २००३ ते सप्टेंबर २००८ या काळात गव्हर्नर होते. जमिनींचे भाव चढत असताना त्यांनी बँकांचा हात आखडता ठेवला.

त्याची रीत व्यापाऱ्याला सहज उमजेल अशी आहे. बँकेने शंभर रुपये कर्ज दिले, तर साधारणतः नऊ रुपये स्वतःचे भांडवल राखावे, असा नियम होता. व्यापारी बांधकामाच्या कर्जावरील जोखीमभार २००५ मध्ये १०० वरून १२५ टक्के व २००६ मध्ये १५० टक्के करण्यात आला. म्हणजेच त्याच शंभर रुपयांमागे साडेतेरा रुपये गुंतवून ठेवणे भाग पडले. कर्जे रोख्यांत बांधून विकली, तरी त्यावरील नफा तत्काळ जमेस धरण्यास २००६ मध्ये मनाई झाली. रिझर्व्ह बँकेकडे सक्तीने ठेवावयाची रोकड २००४ च्या प्रारंभी ठेवींच्या साडेचार टक्के होती. ती ऑगस्ट २००८ अखेर नऊ टक्क्यांवर नेण्यात आली. कर्ज महागले, अशी तक्रार त्या वेळी उद्योगजगतातून होत असे.

संकट आले तेव्हा हीच साठवण उपयोगी पडली. नवे गव्हर्नर डॉ. डी. सुब्बाराव यांनी हे प्रमाण जानेवारी २००९ पर्यंत पाच टक्क्यांवर आणले आणि अडकलेली रोकड बाजारात मोकळी केली. सप्टेंबर २००८ मध्ये आयसीआयसीआय बँकेविषयी अफवा उठून एटीएमसमोर रांगा लागल्या. ३० सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेने त्या बँकेकडे पुरेशी रोकड असल्याचे जाहीर केले आणि भीती ओसरू लागली. पाणी भरपूर असताना घातलेला बांध दुष्काळात कामास आला, तो असा.

बांध सैल झाल्यावर काय होते, हेही पुढे दिसले. संकटानंतर सढळ हाताने दिलेली अनेक मोठी कर्जे थकली. मार्च २०१८ मध्ये अनुसूचित व्यापारी बँकांच्या थकीत कर्जांचे प्रमाण ११ टक्क्यांवर पोहोचले. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेची कथा तर मुंबई परिसरातील असंख्य कुटुंबांनी सोसली. तिच्या कर्जांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे होती आणि ते नियामकापासून दडवले गेल्याचे उघड झाले. २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले, तेव्हा प्रथम सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. जानेवारी २०२२ मध्ये तिचे युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झाले. मोठ्या ठेवीदारांच्या वाट्याला मात्र दहा वर्षांपर्यंतची प्रतीक्षा आली.

एकाच ग्राहकाला पेढीचा सारा माल उधारीवर देणारा व्यापारी शहाणा ठरत नाही. बँकेचेही तसेच आहे. फेब्रुवारी २०२० पासून ठेवविम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख रुपये झाली. ती प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारास, मुद्दल व व्याज मिळून लागू होते. एकाच बँकेच्या अनेक शाखांत खाती उघडल्याने ती वाढत नाही. म्हणून अर्धा टक्का अधिक व्याजाच्या मोहाने मुलीच्या विवाहाची अथवा व्यवसायाच्या हंगामाची सारी पुंजी एकाच ठिकाणी ठेवण्यापूर्वी त्या बँकेचा वार्षिक ताळेबंद उघडावा. भांडवल किती, थकीत कर्ज किती, या दोन आकड्यांवरून व्यापाऱ्याच्या सरावलेल्या नजरेस पुष्कळ काही कळते.